ऊसनोंदीची माहिती : कुलूप कुठं आणि दार उघडं कुठं



खरं तर या अंकात खोडव्याच्या पाचटाबद्दल लिहायचं ठरलं होतं. पण गेल्या काही महिन्यांत गटऑफिसात येणारी मंडळी निराळंच विचारू लागली आहेत. एक सभासद म्हणाले, "साहेब, माझा ऊस किती टन गेला हे त्या फोनवाल्याला कसं ठाऊक?" दुसरे म्हणाले, "एवढे फसवाफसवीचे फोन येतात, तर तोडणीचा अनुक्रम तरी फळ्यावर कशाला लावता? तोही झाकून ठेवा." आणि तिसऱ्यांचं म्हणणं याच्या अगदी उलट, "आम्ही शेअर घेतलेले मालक. आमच्यापासून लपवता काय?" तिघंही आपापल्या जागी चूक नाहीत. म्हणून पाचटाचा लेख पुढच्या अंकात देतो आणि आज हे मांडतो.

आपल्याबद्दलची कोणकोणती माहिती कारखान्याकडे आहे ते आधी पाहू. गट नंबर, क्षेत्र, उसाची जात, लागणीची तारीख, लागण आहे की खोडवा. हंगामात त्यात वजनं येतात, तोडणी-वाहतुकीची टोळी येते, पंधरवड्याचं बिल येतं, सोसायटीच्या कर्जाची कपात येते. याखेरीज शेअर, ठेव, बँकेचं खातं, आधार आणि मोबाईल नंबर. पूर्वी हे सगळं जाडजूड रजिस्टरात असायचं आणि रजिस्टर लोखंडी कपाटात. किल्ली शेतकी क्लार्ककडे. एखाद्यानं तारीख बदलायची म्हटलं तर ब्लेडनं खरवडावं लागे, आणि खरवडलेला कागद उजेडात धरला की लगेच दिसे. कम्प्युटरमध्ये खाडाखोड दिसत नाही. सातचे दहा केले तरी आकडा मूळचाच असल्यासारखा स्वच्छ दिसतो. म्हणून तिथं खाडाखोड दिसेल अशी व्यवस्था मुद्दाम करून ठेवावी लागते.

माहितीची सुरक्षा म्हटलं की बहुतेकांना वाटतं, लपवून ठेवणं. हा तिचा फक्त एक भाग झाला. सुरक्षित माहिती म्हणजे जी नको त्याला दिसत नाही, नको त्याला बदलता येत नाही आणि हवी तेव्हा हाताशी मिळते, अशी माहिती. या तिन्हीचा जोर सगळीकडे सारखा नसतो. दवाखान्यातले रोग्याचे कागद, बँकेतली खाती आणि आपल्या केनयार्डातली वजनं यांना एकच कुलूप लावून चालत नाही. ज्या कामासाठी माहिती गोळा केली ते काम काय, आणि ती संस्था कुणाची, यावर कुलूप ठरतं. आमच्याकडून चूक झाली ती नेमकी इथंच. ती सांगतो, कारण त्या चुकीत माझाही वाटा आहे.

काही हंगामांपूर्वी वर्तमानपत्रात कम्प्युटरवरच्या दरोड्यांच्या बातम्या वाढल्या तेव्हा सगळ्यांनाच धसका बसला होता. पुण्याच्या कॉसमॉस या सहकारी बँकेतून ऑगस्ट २०१८ मध्ये दोन दिवसांत सुमारे ९४ कोटी रुपये गेले. बनावट कार्डं घेऊन चोरांनी २८ देशांतल्या एटीएममधून पैसे उचलले. कार्ड घातल्यावर "खात्यात पैसे आहेत का" असा सवाल बँकेच्या मुख्य यंत्रणेकडे जायला हवा. चोरांनी तो मधेच अडवून "आहेत, द्या" असं खोटं उत्तर परस्पर दिलं. आपल्या भाषेत सांगायचं तर काट्यावर भलताच काटेवाला बसवला आणि तो म्हणेल ते वजन खरं धरलं गेलं. सहकारी संस्थेत हे घडलं म्हटल्यावर सगळ्याच संस्थांनी कान टवकारले. आमच्याकडेही घाईघाईनं नियम आले.

पासवर्ड दर पंधरा दिवसांनी बदलायचा. त्यात मोठी लिपी, छोटी लिपी, आकडा आणि खूण, सगळं हवं. तीनदा चुकला की नाव बंद, आणि बंद पडलेलं नाव उघडणार मुख्य कचेरीतला कम्प्युटर विभाग, सकाळी दहा ते संध्याकाळी सहा. कागदावर नियम झकास दिसत होता. पण ऊस तोडणीचं काम काही दहाला सुरू होत नाही! टोळ्या पहाटे फडात उतरतात. चिटबॉय थंडीत बोटं आखडलेली असताना मोबाईलवर चिठ्ठी काढायला बघतो, पासवर्ड चुकतो आणि नाव बंद. टोळी बसून, ट्रॅक्टर उभा, मुकादमाची तोंडपट्टी सुरू. अशा वेळी चिटबॉयनं काय करावं? तो मला फोन करायचा. आणि मी, बोलायला लाज वाटते, माझा पासवर्ड त्याला सांगायचो. पुढं पुढं तर पहाटे फोन नको म्हणून मी तो लिहूनच दिला. गटऑफिसात कॅलेंडरच्या मागच्या बाजूला चिकटवलेला होता. दर पंधरा दिवसांनी नवा कागद चिकटायचा.

त्या हंगामात एक सभासद आले. हातात नोंदीची पावती. आडसाली ऊस, लागण जुलैची, पावतीवर जुलैच. कम्प्युटरवर ऑक्टोबर. म्हणजे आडसालीचा ऊस पूर्वहंगामीत जाऊन बसला आणि तोडणीचा क्रम तीन महिने मागं गेला. ते आले तोवर उसाला तुरा आला होता. तुरा आल्यावर वाढ थांबते आणि ऊस फार दिवस उभा राहिला की आतून पोकळ पडून वजन घटतं, हे सभासदांना मी वेगळं सांगायला नको. बदल कुणी केला ते पाहिलं, तर बदल करणाऱ्याच्या रकान्यात माझं नाव. त्या दिवशी मी दुसऱ्या गटात शिवारफेरीला होतो, पण ते सांगून कोण ऐकणार? माझ्या नावानं तेव्हा पाच-सहा जण काम करत होते. चुकून बोट पडलं, की कुणीतरी आपल्या माणसाला पुढं घेण्यासाठी मुद्दाम केलं, ते आजतागायत कळलेलं नाही. कळणारही नाही. त्या सभासदाचा ऊस लगेच तोडला, पण गेलेलं वजन परत आलं नाही. ते मला एवढंच म्हणाले, "तुमच्या नावानं माझा ऊस मागं गेला, साहेब." त्यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं.

आता यात दोष कुणाचा? माझा तर आहेच. पण नियमाचाही आहे. ज्यानं नियम केला त्यानं फडावरची पहाट पाहिली नव्हती. काम अडवणारा नियम माणसं पाळत नाहीत, त्याला बगल देतात, आणि बगल दिल्यावर पूर्वीपेक्षा जास्त धोका तयार होतो. पहिल्या रजिस्टराला निदान एकच किल्ली होती. नव्या व्यवस्थेत किल्ली कॅलेंडरच्या मागं सगळ्यांसाठी टांगलेली.

गंमत म्हणजे पासवर्ड सतत बदलण्याचा हा नियम जिथून जगभर पसरला तिथंच तो नंतर मागं घेतला गेला. अमेरिकेत मानकं ठरवणारी एक सरकारी संस्था आहे. तिथल्या बिल बर नावाच्या अधिकाऱ्यानं २००३ साली पासवर्डचे असे नियम लिहिले होते. २०१७ साली त्याच संस्थेनं नवे नियम काढले. पासवर्ड लांब असू द्या, पण उगाच ठराविक दिवसांनी बदलायला लावू नका, तो फुटल्याची शंका आली तरच बदला. बर यांनी स्वतःही त्या वर्षी कबूल केलं की आपण पूर्वी लिहिलेल्या बऱ्याच गोष्टींचा आता पस्तावा होतो. सक्तीनं बदलायला लावलं की माणूस शेवटचा आकडा एकनं वाढवतो. आमचे क्लार्कही तेच करत होते!

त्या प्रकारानंतर शेती खातं, कम्प्युटर विभाग, वजनकाटा, हिशेब खातं आणि दोन संचालक असे आम्ही एकत्र बसलो. बैठकीच्या सुरुवातीलाच एका विक्रेत्याचं मोठ्या रकमेचं कोटेशन पुढं आलं. यंत्र बसवा, काळजी मिटेल, असं. मला यंत्रातलं कळत नाही, पण कुंपणावर शेतापेक्षा जास्त खर्च करू नये एवढं कळतं. आणि तो पैसा शेवटी उसाच्या दरातूनच जाणार. म्हणून आधी यंत्र बाजूला ठेवलं आणि प्रत्येक माहितीबद्दल विचारत गेलो. ही चारचौघांना दिसली तर काय बिघडेल? ही कुणी गुपचूप बदलली तर काय बिघडेल? आणि ही चार तास मिळाली नाही तर काय बिघडेल?

वजनकाट्याचं उत्तर सगळ्यात आधी निघालं. काट्यावरची माहिती चार तास बंद पडली तर यार्डात रांग लागते, बैलं उपाशी उभी राहतात, गव्हाणीवर ऊस पडत नाही आणि गिरणीला खेळ बसतो. तोडलेल्या उसाचं वजन आणि उतारा तासागणिक उतरत असतो, म्हणून तोडल्यापासून चोवीस तासांत गाळप व्हावं असं आपण सांगतो. मे २०१७ मध्ये जगभरच्या कम्प्युटरांना कुलूप घालून खंडणी मागणारा एक विषाणू पसरला होता. इंग्लंडातल्या सरकारी दवाखान्यांत तेव्हा हजारो रोग्यांच्या ठरलेल्या भेटी आणि शस्त्रक्रिया रद्द झाल्या. तिथं कुणाचं गुपित बाहेर पडलं म्हणून हाल झाले नाहीत, कागद वेळेवर दिसेनात म्हणून झाले. हंगामात आमच्या काट्याचं तसंच आहे. म्हणून काट्यावर नंबर छापलेली हातचिठ्ठीची पुस्तकं कायम तयार ठेवायची ठरली. कम्प्युटर बंद पडला तर काट्यावर दिसणारा आकडा हातानं लिहायचा, गाडीवान आणि काटेवाला दोघांची सही घ्यायची आणि गाडी आत सोडायची. नोंद मागाहून चढवायची. चिठ्ठ्यांचे नंबर सलग असल्यानं मधली एक गायब झाली तरी लगेच कळतं. काट्यावर वैधमापन खात्याची मोहर असतेच, पण काट्यापासून बिलापर्यंतच्या वाटेवर मोहर नसते. ती वाट आपणच राखायची.

रोजच्या माहितीची नक्कलही निघते. पूर्वी ती ज्या डिस्कवर निघे ती डिस्क दिवसरात्र त्याच कम्प्युटरला जोडलेली असायची. म्हणजे बियाणं आणि धान्य एकाच कणगीत! खंडणीवाला विषाणू आला तर दोन्ही गेलं. आता नक्कल काढून डिस्क सुटी करतात आणि दुसऱ्या इमारतीत ठेवतात. बिगरहंगामात एकदा त्या नकलेवरून सगळी माहिती परत उभी करूनही पाहतात. पहिल्या वर्षी पाहिलं तेव्हा एका गटाची नक्कल निघतच नव्हती असं आढळलं. जुलैत आढळलं ते बरं झालं, जानेवारीत आढळलं असतं तर कुठं तोंड दाखवलं असतं?

ऊसनोंदीबाबत मुख्य प्रश्न बदलाचा होता. चिटबॉय, गटप्रमुख, क्लार्क, प्रत्येकाचं आता वेगळं नाव आहे. पासवर्ड लांबलचक पण सोपा, स्वतःला आठवेल असा, आणि उगाच बदलायचा नाही. नाव बंद पडलं तर रात्रपाळीचा माणूस ते फोनवर उघडतो, पण आधी समोरच्याची ओळख पटवून. पावती दिल्यानंतर लागणीची तारीख, जात किंवा क्षेत्र बदलायचं तर दोन माणसांची मंजुरी लागते आणि त्याच क्षणी सभासदाच्या मोबाईलवर संदेश जातो. जुनी तारीख पुसली जात नाही, खाली तशीच राहते. हा नियम मलाही आहे आणि माझ्या वरच्यांनाही. उघड बोलायचं तर आपल्या धंद्यात सगळी भीती बाहेरच्या चोराची नसते. कुणाचा तरी पाहुणा, कुणाचा तरी कार्यकर्ता, "एवढा ऊस पुढं घ्या" असा निरोप येतो. नोंदीत जुनं आणि नवं दोन्ही दिसत असलं की अशा निरोपांना "साहेब, कम्प्युटर घेत नाही" असं सांगता येतं. हंगामात हे वाक्य मला फार कामाला आलं.

आता फळ्याचा प्रश्न. फसवणुकीच्या फोनमुळे काहींचं मत पडलं की तोडणीचा अनुक्रम लावणंच बंद करावं. माझं मत तेव्हाही विरुद्ध होतं, आजही आहे. तो कागद म्हणजे सभासदांचा पहारा आहे. गावातल्या दोनशे डोळ्यांना कुणाची लागण कधीची ते पाठ असतं. जुलैच्या उसाला ऑक्टोबर लागला तर गावच आधी ओळखेल. खरं तर त्या वर्षी तो कागद आमच्या गटात वेळेवर लागला असता तर त्या सभासदाची चूक महिनाभर आधी सापडली असती. सहकारी कारखान्यात सभासदांपासून अनुक्रम लपवणं म्हणजे चोर बाहेर ठेवायला मालकाला बाहेर काढणं झालं.

पण उघडं म्हणजे किती उघडं, यालाही मर्यादा हवी. इथं आपला जुना कायदाच उपयोगी पडतो. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० च्या कलम ३२ प्रमाणे सभासदाला उपविधी, शेवटचा लेखापरीक्षित ताळेबंद आणि नफातोटा पत्रक, समितीच्या सदस्यांची यादी, सभासदांचं रजिस्टर, सभांची इतिवृत्तं हे सगळं संस्थेच्या कचेरीत विनामूल्य पाहता येतं. व्यवहाराच्या वह्यांचा मात्र तेवढाच भाग पाहता येतो जिथं त्याचा स्वतःचा संस्थेशी व्यवहार नोंदला आहे. साठीच्या दशकातल्या कायद्यानं ही रेघ किती नेमकी ओढली आहे पाहा. संस्थेचा कारभार सगळ्यांचा, आणि घरचा हिशेब ज्याचा त्याचा. २०२३ साली संसदेनं व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा जो कायदा केला, त्याचाही गाभा असाच आहे, की ज्या कामासाठी माहिती घेतली त्याच कामाला ती वापरावी आणि नीट सांभाळावी.

ही रेघ आपण ओलांडली होती. पंधरवड्याच्या बिलाची यादी, नाव, टन, रक्कम, खातं आणि मोबाईल नंबरासकट, गावोगावच्या व्हॉट्सॲप गटांवर फिरत होती. हेतू चांगला होता, सभासदाला बिल जमा झाल्याचं लवकर कळावं. ऊस नियंत्रण आदेश १९६६ प्रमाणे ऊस दिल्यापासून चौदा दिवसांत पैसे द्यायचे असतात, त्यामुळे तेराव्या-चौदाव्या दिवशी प्रत्येकजण फोनकडे बघत असतो. पण ती यादी बाहेर गेली की लबाडाचं काम सोपं झालं. "तुमचं अमुक टनाचं बिल अडकलंय, मोबाईलवर आलेला नंबर सांगा." टनाचा आकडा बरोबर निघाला की माणसाला खात्री पटते, हा कारखान्याचाच माणूस. पहिल्या सभासदाच्या प्रश्नाचं उत्तर हे आहे. त्या फोनवाल्यानं आपली यंत्रणा फोडलेली नव्हती. यादी आपल्याच हातानं त्याच्यापर्यंत गेली होती.

म्हणून फळ्यावर आता नाव, गट नंबर, जात, लागणीची तारीख आणि अनुक्रम एवढंच असतं. टन, रक्कम, खातं आणि मोबाईल नसतं. बिलाचा संदेश ज्याचा त्याला जातो. व्हॉट्सॲपवर यादी टाकणं बंद आहे आणि त्यावरून मला शिव्याही खाव्या लागल्या आहेत, कारण ज्यांच्याकडं साधा फोन आहे किंवा नंबर मुलाच्या नावावर आहे त्यांना आता गटऑफिसात यावं लागतं. ही अडचण खरी आहे. बिलाच्या दिवशी गटप्रमुखानं गावात बसून ज्याला त्याला चिठ्ठी द्यावी असा प्रयोग दोन गावांत केला, पण तोडणी जोरात असताना माणूस मोकळा होत नाही. यावर अजून चांगला तोडगा सापडलेला नाही. कुणाला सुचला तर जरूर कळवावा.

खातं बदलण्याबाबत मात्र आम्ही कडक राहणार आहोत. बिल कोणत्या खात्यावर जायचं ते फोनवर किंवा चिठ्ठी पाठवून बदलत नाही. स्वतः पासबुक घेऊन यावं. आल्यावरही जुन्या मोबाईल नंबरावर फोन करून खात्री केली जाते. आजारी किंवा वयस्क सभासदांकडं गटप्रमुख घरी जातो. यात दोन-तीन दिवस जातात, काही मंडळी रागावतात. राहू दे. वजनकाट्यावर एक मिनिट वाचवायला आम्ही धडपडतो आणि इथं मुद्दाम दोन दिवस लावतो, कारण काट्यावर उशीर हे नुकसान आणि इथं घाई हे नुकसान.

चालू लागण नोंदीच्या पावत्या गटऑफिसातून देणं सुरू आहे. पावती घरी नेऊन गट नंबर, जात, क्षेत्र आणि लागणीची तारीख घरातल्या लिहिता-वाचता येणाऱ्या मुलामुलीकडून तपासून घ्यावी. तफावत असल्यास पावती मिळाल्यापासून आठ दिवसांत लेखी कळवावे व अर्जाची पोच घ्यावी. आपण न सांगता नोंद बदलल्याचा संदेश आला तर त्याच दिवशी गटप्रमुखास गाठावे. कारखान्याचा कोणीही कर्मचारी फोनवर ओटीपी मागत नाही. कुणी दिला असेल व खात्यातून रक्कम गेली असेल तर लाजू नये, ताबडतोब १९३० या सरकारी क्रमांकावर तक्रार नोंदवावी व बँकेस कळवावे, पहिल्या काही तासांत पैसे अडवता येण्याची शक्यता जास्त असते. गटऑफिसातलं कॅलेंडर ज्यांना उलटून पाहायचं असेल त्यांनी खुशाल पाहावं.

– ऊस विकास अधिकारी